मदत हवी आहे: पालिकेच्या पंपांची वीज कमी कशी करायची?

नमस्कार मंडळी. नगरपालिकेच्या विद्युत विभागात काम करतो. सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले, रस्त्यांची वीज निम्म्यावर आली, सगळे खूश. पण खरी वीज खातात ते पाणीपुरवठ्याचे पंप. तिकडे कुणी बघतच नाही.

आमचा पंप पूर्ण वेगाने फिरतो आणि ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा आवळून पाणी कमी करतो. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि ब्रेकवर गाडी चालवायची! व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग 20 टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे झालं पुस्तकातलं. आमची टाकी उंचावर आहे, बराचसा जोर नुसतं पाणी चढवण्यातच जातो. वेग फार उतरवला तर पाणी वर पोचणारच नाही.

मग व्हीएफडी घ्यावा, इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) कापून लहान करून घ्यावा, की सरळ लहान पंप बसवावा? कुणी केलं असेल तर दर हजार लिटरमागे आधी किती युनिट लागायचे आणि नंतर किती, ते सांगाल का?

आणि फ्लोमीटर नसताना प्रवाह कसा मोजलात? टाकी भरायला लागणारा वेळ मोजून पाहिला, पण तेव्हाच खालून गावाला पाणी सुटलेलं असतं.