बोलायला लागलं म्हणून चित्रकला जात नाही
ऑटिस्टिक मूल बोलायला लागलं की चित्रकला जाते असं जे म्हणताय ना, ते बहुतेक नादियाच्या केसवरून आलंय. नॉटिंगहॅमची ही मुलगी साडेतीन वर्षांची असताना साध्या बॉलपेनने असले घोडे काढायची की मोठ्यांनाही जमू नयेत, आणि पुढे थोडं बोलायला लागल्यावर ते कसब ओसरलं हे खरंय. पण एकीवरून नियम नका हो काढू! लंडनचा ऑटिस्टिक चित्रकार स्टीफन विल्टशायर बघा, तोही लहानपणी बोलत नव्हता, शाळेत शिक्षक मुद्दाम चित्राचं सामान काढून घ्यायचे म्हणजे तो मागेल, आणि पहिला शब्द आला तो 'पेपर'. २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून टोकियो बघून त्याने आठवणीतून १० मीटर लांब चित्र काढलं. त्यामुळे चित्रकला जाईल या भीतीने मुलाची स्पीच थेरपी थांबवू नका प्लीज, उलट मुलाच्या शेजारी बसून त्याच्या चित्राबद्दलच बोला.