अरबीच्या उन्हाळी शिबिराला नऊ वर्षांच्या मुलाला पाठवावे का?

शारजावासी:
आम्ही गेली अकरा वर्षे शारजामध्ये राहतो. मुलगा भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत चौथीत आहे. अमिरातीतील खासगी शाळांमध्ये अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची असल्यामुळे तो ती पहिलीपासून शिकतो; मात्र फळ्यावरचे वाक्य उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचणारा हा मुलगा दुकानात पाण्याची बाटलीसुद्धा इंग्रजीतच मागतो. जुलैमध्ये तीन आठवड्यांचे एक शिबिर आहे. त्यात सकाळी विज्ञानाचे प्रयोग, दुपारी सुलेखन व गोष्टी असतात आणि दिवसभर अरबीखेरीज दुसरी भाषा बोलली जात नाही. भाषाच कळत नसताना त्याला विज्ञान कसे कळणार? शिवाय आजीआजोबांकडे जाण्याची सुट्टी यात खर्च करावी का, हेही ठरत नाही.

देरावाली:
ताई, आमच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिराला घातले होते. पहिले तीन दिवस ती घरी येऊन गप्प बसे. चौथ्या दिवशी पाण्याने भरलेल्या टबात लिंबू, खिळा, बूच असे एकेक टाकून काय तरंगते ते पाहायचे होते, आणि प्रत्येक वस्तू टाकण्याआधी मुलांनी ‘यत्फू’, म्हणजे तरंगते, किंवा ‘यग्रक’, म्हणजे बुडते, असे ओरडून सांगायचे होते. त्या संध्याकाळी आमच्या मोरीतल्या बादलीत घरातील निम्मी भांडी पडली. ते शब्द तिला पाठ करावे लागले नाहीत. शेवटच्या आठवड्यात मात्र मुलांना बराच वेळ नुसत्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. तेव्हा दिवसाचे वेळापत्रक आधीच मागून घ्या.

बोरूबहाद्दर:
मी मुलांना अरबी शिकवतो. शिबिरात कोणती अरबी बोलतात, हे सर्वांत आधी विचारा. पुस्तकांची व बातम्यांची भाषा ‘फुसहा’ आणि इथल्या घराघरांतली आखाती बोली यांत इतके अंतर आहे की शाळेत शिकलेल्या मुलाला बाजारातले बोलणे परके वाटते. तुमचा मुलगा दुकानात अडतो, त्यात त्याचा दोष थोडाच आहे.

सुलेखन केवळ शोभेचे समजू नका. अरबीच्या 28 अक्षरांपैकी सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, आणि मुलांच्या बऱ्याच चुका तिथेच होतात. तिरका छाटलेला ‘कलम’, म्हणजे आपला बोरूच, हातात धरून एखादा शब्द मोठा काढला की हात कुठे उचलायचा हे बोटांना कळते. मराठी मुलाची शिदोरीही रिकामी नसते. हिशेब, वकील, इमारत हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले अरबीच आहेत. मात्र अर्थ सरकलेले असतात: तिकडे ‘तारीख’ म्हणजे इतिहाससुद्धा, आणि ‘रक्म’ म्हणजे पैसे नव्हेत, आकडा.

नक्षत्रप्रेमी:
संस्कृती म्हणून उंट, खजूर आणि तंबू एवढेच दाखवणार असतील तर पैसे वाचवा. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल्-हैथम या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर दिवे ओळीने ठेवून प्रकाश सरळ रेषेत जातो हे दाखवले. तो प्रयोग मुलांना पुठ्ठ्याच्या खोक्यात करता येतो, आणि ‘नूर’ व ‘ज़िल्ल’, म्हणजे प्रकाश व सावली, हे शब्द त्यासोबतच येतात. आकाशातही हेच आहे. आपली रोहिणी म्हणजे अरबीत ‘अद्-दबरान’, मागून येणारा तारा. कृत्तिकांच्या मागून तो उगवतो म्हणून हे नाव. आपल्या नक्षत्रक्रमातही कृत्तिकेनंतर रोहिणीच येते.

शारजावासी:
सर्वांचे आभार. आज दूरध्वनी केला. प्रयोग व गोष्टी फुसहामध्ये होतात आणि खेळाच्या तासाला बोली चालते. खोक्याचा प्रयोग त्यांच्या वेळापत्रकात आहे, रोहिणी नाही. नाव नोंदवले आहे. ऑगस्टमध्ये साताऱ्याला जाऊ. बोरू मात्र इथे कुठे मिळेल?