डेशूट्स नदीवर शरद ऋतूतील स्टीलहेड: पहिल्यांदा उतरण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

प्रश्न – खाडीकाठ

नमस्कार. मी अमेरिकेत ओरेगॉनमधील पोर्टलंडजवळ राहतो आणि काही वर्षांपासून लहान ओढ्यांवर फ्लाय रॉडने (गळाला पिसे-धाग्यांची कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, लावून) ट्राउट पकडून सोडतो. लहानपणी वडिलांबरोबर देवगडच्या खाडीत गरवायला जात असे, त्यामुळे गळ आणि दोरी हाताला नवी नाही. परंतु डेशूट्ससारख्या रुंद आणि वेगवान नदीत स्टीलहेडसाठी, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या रेनबो ट्राउटसाठी, उतरण्याचा धीर अजून झालेला नाही. या वर्षी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये नदीकाठच्या माऊपिन गावाच्या परिसरात जाण्याचा विचार आहे.

माझ्याकडे 9 फुटांचा 5 नंबरचा रॉड आहे; तो चालेल का? स्टीलहेड समुद्रातून नदीत आल्यावर जवळजवळ काही खात नाही असे वाचले आहे. मग तो फ्लाय का धरतो, आणि खात नसलेल्या माशासमोर ती कशी न्यावी? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या माशांची संख्या घटलेली असताना त्यांच्यासाठी गळ टाकणे योग्य आहे का, आणि असल्यास कोणत्या मर्यादेत?

उत्तर – माऊपिनचा वाटसरू

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच उलगडते. डेशूट्समध्ये येणारा स्टीलहेड उन्हाळ्यात नदीत चढू लागणाऱ्या प्रकारातला आहे. तो साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कोलंबिया नदीतून या नदीत शिरतो, परंतु अंडी घालतो ती पुढच्या वसंतात. मधले कितीतरी महिने तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर काढतो. त्याने बालपणाची एक-दोन वर्षे याच खोऱ्यात किंवा अशाच एखाद्या नदीत किडे टिपत घालवलेली असतात. ती जुनी सवय आणि आपल्या जागेत घुसलेल्या वस्तूवर धावून जाण्याची वृत्ती, या दोन्हींमुळे तो फ्लाय धरतो असे अनुभवी मंडळी मानतात आणि मलाही ते पटते. पाणी फार गरमही नाही आणि फार थंडही नाही अशा दिवसांत तो तळ सोडून पृष्ठभागाजवळच्या फ्लायकडे झेप घेतो. या नदीचा शरद ऋतू इतका मोलाचा आहे तो यामुळेच.

म्हणून येथे फ्लाय माशाच्या तोंडापर्यंत नेऊन ठेवण्याऐवजी ती त्याच्या समोरून आडवी, संथ फिरवत नेण्याची पद्धत रूढ झाली. प्रवाहाच्या खालच्या दिशेने सुमारे 45 अंशांत फेक टाकावी, दोरीला एकदा वरच्या बाजूस वळण देऊन तिचा ताण कमी करावा आणि मग फ्लाय कमानीसारख्या वाटेने आपल्या काठाकडे येऊ द्यावी. ती पूर्ण थांबली की दोन पावले खाली सरकावे आणि पुन्हा तशीच फेक टाकावी. सगळे कौशल्य या सरकण्यात आहे. नवखा माणूस एकाच जागी उभा राहून तेच पाणी पुन्हा पुन्हा विंचरतो आणि बाकीचा सगळा पट्टा त्याच्या हातून तसाच राहून जातो. चालत्या माणसाच्या वेगाने वाहणारे, कंबर ते छातीइतके खोल आणि तळाशी मोठे दगड असलेले पाणी शोधा. फेसाळ धार किंवा साचलेला डोह यांत वेळ घालवू नका.

आता रॉड. 5 नंबरच्या रॉडवर मासा लागेल, पण त्याला आणायला इतका वेळ लागेल की सोडल्यानंतर तो जगेल याची खात्री देता येणार नाही. केवळ एवढ्यासाठी तो घरी ठेवा. 7 किंवा 8 नंबरचा, साडेबारा ते तेरा फुटांचा दोन हातांनी चालवायचा स्पे रॉड घ्यावा. काठावर आल्डरची झाडे अगदी पाण्यापर्यंत आलेली असतात आणि कित्येक ठिकाणी मागे रेल्वेचा भराव असतो. पाठीमागे दोरी नेण्यास जागाच नसते, त्यामुळे पाण्याच्या पकडीवर उभारलेली स्पे फेकच उपयोगी पडते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तरंगती दोरी पुरते. काळे अंग, हिरवा बुडखा आणि पांढरे पंख असलेली ग्रीन बट स्कंक ही जुनी फ्लाय आजही भरवशाची आहे.

उन्हाची वेळ नीट समजून घ्या. डेशूट्स दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि मासा प्रवाहाकडे, म्हणजे दक्षिणेकडे, तोंड करून उभा असतो. शरदातला कललेला सूर्य थेट त्याच्या डोळ्यांत येतो आणि अशा वेळी तो वर येण्यास नाखूष असतो. त्यामुळे दरीच्या भिंतींची सावली पाण्यावर असते तो पहाटेचा आणि सायंकाळचा काळ सोडू नये. दुपारी जेवण करावे, झोपावे किंवा पुढच्या जागा काठाकाठाने पाहून ठेवाव्यात.

आणखी एक सांगतो, कारण ट्राउटवाल्यांचा हात येथेच घात करतो. धक्का जाणवला की रॉड उचलू नका. माशाला फ्लाय घेऊन वळू द्या, रिळावरची दोरी स्वतःहून सुटू लागली की मगच रॉड काठाच्या बाजूला झुकवा. लगेच उचललेला रॉड फ्लाय त्याच्या तोंडातून बाहेर ओढतो.

पाण्यात उतरताना टोकदार खिळे बसवलेले बूट, हातात काठी आणि वेडर्सवर (छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीवर) घट्ट पट्टा या तिन्ही गोष्टी हव्यातच, कारण येथील शेवाळी गोल दगडांवर पट्टीचे लोकही घसरतात. काठावरच्या गवतात रॅटलस्नेक असतात. सप्टेंबरच्या उबदार दिवसांत पाऊल पाहून टाका.

उत्तर – कोलंबियाकाठ

वरील माहिती उत्तम आहे. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो.

मध्य कोलंबियातील स्टीलहेड 1999 पासून अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार धोक्यातील म्हणून नोंदलेला आहे. कोलंबियावरील बॉनव्हिल धरणावर 1938 पासून वर जाणारे मासे मोजले जातात. 2021 साली ही संख्या इतकी खाली आली की शरद ऋतूत डेशूट्सवरील स्टीलहेडची मासेमारीच बंद करावी लागली. तेव्हापासून नदी खुली राहील की नाही हे धरणावरील मोजणीवर ठरते, म्हणून जाण्यापूर्वी ओरेगॉनच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची ताजी सूचना वाचल्याशिवाय गाडी काढू नये. गेल्या वर्षीचा नियम या वर्षी लागू असेलच असे नाही. नदी खुली असेल तर जावे असे माझे मत आहे, कारण या माशांसाठी आवाज उठवणाऱ्यांत मोठा वाटा नदीवर उभे राहणाऱ्यांचा आहे. परंतु खुली आहे एवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही.

पहिली मर्यादा तापमानाची. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की गळाला लागून थकलेल्या माशाची जगण्याची शक्यता घसरते. खिशात थर्मामीटर ठेवा आणि त्या आकड्याच्या जवळ पोचल्यावर दोरी गुंडाळा. ऑगस्टमध्ये कोलंबिया इतकी तापते की स्नेक नदीकडे निघालेले मासेसुद्धा डेशूट्सच्या मुखाशी थंड पाण्याचा आसरा घेतात. तुम्ही सप्टेंबरअखेर जात आहात हे त्या दृष्टीने चांगलेच आहे.

दुसरी, मासा ओळखण्याची. पाठीवर शेपटीजवळ असलेला लहान मांसल पर शाबूत असेल तर मासा रानटी आहे आणि त्याला सोडणे बंधनकारक आहे. तो कापून बरा झालेला असेल तर मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला. रानटी माशाला पाण्याबाहेर काढूच नका, छायाचित्रासाठीही नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, म्हणजे गुडघाभर पाण्यात मासा हाती न उचलताच गळ निघतो.

नियमांचेही थोडे. या भागात बोटीने जागा गाठता येते, पण बोटीत बसून गळ टाकता येत नाही. पाय काठावर किंवा नदीच्या तळाला टेकलेले हवेत. परवान्याबरोबर सामन व स्टीलहेडसाठीचा टॅग लागतो, आणि बोटीने गेल्यास बोटीचा वेगळा पास. शेरार्स धबधब्यावर लाकडी मचाणांवरून जाळ्याने मासे धरणारे लोक दिसतील. 1855 च्या तहात राखून ठेवलेला तो वॉर्म स्प्रिंग्जच्या मूळनिवासी जमातींचा हक्क आहे. तेथे अदबीने वागावे. नदीचा वरच्या बाजूचा पश्चिम काठ त्यांच्या राखीव प्रदेशात येतो, हेही नकाशावर पाहून ठेवा.

उत्तर – ऑन्टॅरिओवाला

मी न्यूयॉर्क राज्यातील पुलास्कीच्या सामन नदीवर जातो. तिकडचे अनुभव इकडे जसेच्या तसे लावू नयेत, एवढ्यासाठीच लिहीत आहे. ग्रेट लेक्समध्ये स्टीलहेड मुळात पॅसिफिककडून 1870 च्या दशकात आणून सोडलेला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो किंग सामनच्या मागोमाग नदीत येतो आणि त्यांची अंडी खातो, म्हणून आम्ही अंड्याच्या आकाराची फ्लाय तरंगत्या खुणेखाली तळाजवळून वाहू देतो. इंटरनेटवरील कित्येक चित्रफिती आमच्याकडच्या आहेत. त्या पाहून डेशूट्सला गेलात तर मासा कदाचित मिळेलही, पण आपण होऊन वर झेपावणारा मासा पाहण्याची या नदीने दिलेली संधी हुकेल. पहिल्या खेपेला वाटसरू यांनी सांगितलेल्या पद्धतीवरच ठाम राहावे.

खाडीकाठ

सर्वांचा आभारी आहे. स्पे रॉड उसना मिळेल असे दिसते. एकच शंका उरते. आदल्या रात्री माउंट हूड पर्वतावर पाऊस झाला तर माऊपिनखालील पाणी राखाडी होते असे ऐकले. तसे झाल्यास परत फिरावे का?

माऊपिनचा वाटसरू

परत फिरण्याची गरज नाही. तो गाळ व्हाइट रिव्हरचा आहे. ती माउंट हूडच्या हिमनदीतून निघते आणि माऊपिनच्या खाली, शेरार्स धबधब्याच्या थोडे वर डेशूट्सला मिळते. त्यामुळे गढूळपणा संगमापासून खाली असतो आणि माऊपिनच्या आसपासचे व त्यावरचे पाणी स्वच्छच राहते. गुडघाभर पाण्यात स्वतःच्या बुटाचे टोक दिसत असेल तर खालच्या भागातही मोठी, गडद फ्लाय लावून काठाजवळ प्रयत्न करावा. दिसत नसेल तर गाडी वरच्या भागाकडे वळवावी.

पाणी स्वच्छ असेल तर माऊपिनहून पूर्व काठाच्या कच्च्या रस्त्याने मॅक्स कॅन्यनपर्यंत जा आणि तेथून जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेने पायी खाली उतरा. गाडीरस्ता तेथे संपत असल्याने गर्दी विरळ होते. आपल्याआधी कोणी एखाद्या पट्ट्यात उतरलेले असेल तर त्याच्या खाली शिरू नका. त्याला विचारून, पुरेसे अंतर ठेवून, त्याच्या वरून सुरुवात करा.