मदत हवी आहे: शिफ्ट बदलली की अभ्यास बंद पडतो, परत सुरू कसा करायचा?

तीन गोष्टी एकदम चालू आहेत. डेटा ॲनालिसिस शिकून जॉब बदलायचाय, सहा महिन्यांच्या खर्चाएवढा इमर्जन्सी फंड जमवायचाय आणि रोज थोडा व्यायाम. पैशांचं बरं चाललंय, कारण पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते, तिथे माझ्या मूडला कोणी विचारतच नाही. घोडं अडतंय अभ्यासापाशी. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) जॉइनपर्यंत, म्हणजे टेबलं जोडण्याच्या धड्यापर्यंत, नीट जमलं, मग शिफ्ट बदलली, गॅप पडला, परत बसलं की आधीचं सगळं पुसट, मग पुन्हा पहिल्या व्हिडिओपासून सुरू आणि सबक्वेरी या पुढच्या धड्यापर्यंत गाडी काही पोचत नाही.

पोमोडोरो (२५ मिनिटं अभ्यास, मग छोटा ब्रेक) करून पाहिलं, एकदा बसलं की मस्त चालतं पण बसणं हाच तर प्रॉब्लेम आहे. हॅबिट ट्रॅकर वापरला, एक दिवस चुकला की ॲप उघडावंसंच वाटत नाही. मित्रासोबत रोजचं चेक-इन ठरवलं तर तोच आधी गळाला.

२१ दिवसांत सवय लागते हे प्लीज सांगू नका, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, आणि माणसागणिक १८ ते २५४ असा फरक!

पहाटे उठा वगैरे जमणार नाही, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पेड कोच नको. व्यायाम सध्या मागे पडला तरी चालेल.

तर ज्यांच्या कामाची वेळ फिक्स नाही त्यांनी अभ्यास घड्याळाऐवजी कशाला जोडलाय, आणि गॅपनंतर पहिल्या दिवशी नेमकं काय करता, जुन्याची उजळणी की थेट पुढचा धडा?