पांडवदऱ्याची अकरा पोती

ए-३०२ (स. ८.०५): काल पन्हाळ्याजवळच्या पांडवदरा लेण्यात कचरा वेचायला आपण सोसायटीतले नऊ जण गेलो. शनिवारी रात्री या ग्रुपवर 'येतो' म्हणून अंगठा दाखवून सकाळी फोन न उचलणाऱ्यांची नावं घेत नाही. अकरा पोती भरली.

बी-१०४ (८.०९): लेण्यात एवढा कचरा? नाद खुळा.

ए-३०२ (८.१४): सगळा आतला नाही. मसाई पठारावरनं खाली उतरायच्या वाटेवरच चार भरली. पण आतल्या खोल्या बघवत नव्हत्या. चिप्सची पाकिटं वाऱ्यानं कोपऱ्यात जाऊन बसतात, तिथनं पावसाचं पाणीसुद्धा त्यांना काढत नाही. केकचे पुठ्ठे, मेणबत्त्या, गुटख्याच्या पुड्या, फोडलेल्या बाटल्या. काचा वेचायलाच दीड तास गेला. चिखलात रुतलेल्या असतात, हातमोज्यातनं पण लागतात.

सी-२०१ (८.१७): जुलैत पन्हाळा-पावनखिंड करणारी पोरं तिकडनंच जातात की. १६६० ला महाराज याच पठारावरनं विशाळगडाला गेले म्हणून घोषणा द्यायच्या, आणि बाटल्या तिथंच टाकायच्या.

बी-१०४ (८.१९): सगळ्यांना एका मापानं मोजू नका. आमचा ग्रुप कचरा पाठीवरनं परत आणतो. गाडी लावून तासभर बसायला येणारे बघा आधी.

सी-२०१ (८.२०): बरं बाबा, माप मागं.

डी-००३ (८.२६): भिंतीवर बदाम काढून नावं लिहिल्यात, ती पुसली का? मेव्हण्याकडं गाडी धुवायचा प्रेशर पंप आहे. टेम्पोत जनरेटर टाकू, थोडं ॲसिड घेऊ. एका दिवसात चकाचक.

ए-३०२ (८.३१): दादा, हात जोडतो. कातळ कोरताना छिन्नीचे घाव राहिलेत, तेच तर बघायला जायचं. पंप, ॲसिड, तारेचा ब्रश, यातनं ऑइलपेंटच्या आधी ते घाव जातील. बाथरूमची फरशी नव्हे ती. ते काम पुरातत्त्वाच्या जाणकारांचं. फोटो काढलेत, अर्ज देऊ.

डी-००३ (८.३३): मग झाडून तरी घ्यायचं. फोटोत धूळ तशीच दिसालीय.

ए-४०१ (८.४०): मीच झाडू दिलं नाही. आत वटवाघळं होती. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेत बुरशी असू शकते, झाडलं की ती धूळ थेट फुप्फुसात. म्हणून मास्क लावून, हातानं आणि चिमट्यानं, आणि वर टॉर्च न मारता. मादीला वर्षाला बहुतेक एकच पिल्लू होतं, उजेडानं आणि धुरानं बिथरली की जागाच सोडतात. मेणबत्त्यांवर माझा राग आहे तो यासाठी. छत काळं होतं ते वेगळंच.

बी-२०३ काकू (८.४४): वटवाघूळ म्हणजे अपशकुन. हाकलायची की.

ए-४०१ (८.४५): काकू, ही रात्री किडे खातात. डास पण.

बी-२०३ काकू (८.४६): असं होय. मग राहू देत बापडी.

सेक्रेटरी (८.५२): सगळं ठीक. पण ती अकरा पोती आपल्या पार्किंगमध्ये का? घंटागाडीवाला न बघितल्यासारखं करून गेला.

ए-३०२ (८.५८): गावाच्या कडेला ठेवली असती तर कुत्र्यांनी दोन दिवसांत परत पसरली असती. काचा वेगळ्या बांधल्यात, भंगारवाला दुपारी येतोय. बाकी सुका कचरा रोज दोन पोती देऊ.
आणि काका, एका पिशवीवर पार्सलची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. पत्ता आपल्याच सोसायटीचा. फ्लॅट नंबर सांगत नाही.

डी-००३ (९.३७): मे महिन्यात मेव्हणे आले होते. पोरांनी ठेवली असंल. पंपाचं राहू दे. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो.

बी-२०३ काकू (९.३९): येताना मेव्हण्याला पण आण. भडंग मी देते, स्टीलच्या डब्यात. डबा झाकणासकट परत पाहिजे. मागच्या वेळचं झाकण अजून ए विंगमध्येच आहे.