नाशिक कोणाचा बालेकिल्ला नाही

सी-२०४ : सोसायटीच्या ग्रुपवर आलेला वरचा फॉरवर्ड वाचला. ‘नाशिक लोकसभा हा आमच्या पक्षाचा वर्षानुवर्षांचा बालेकिल्ला.’ पक्ष कुठलाही असू द्या, नाशिकला हे वाक्य लागू होत नाही.

सेक्रेटरी : फॉरवर्ड काढून टाकायला सांगितलाय. ग्रुपवर कुठल्याच पक्षाचा प्रचार नको. इतिहासावर बोलायचं असेल तर जरूर बोला, पण वैयक्तिक शेरे नकोत.

बी-४०१ : इतिहासावरच बोलते. माझं लोकसभेचं पहिलं मतदान १९७७चं, आणीबाणीनंतरचं. तेव्हा शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, विठ्ठलराव हांडे निवडून आले. तिथून २०१४ पर्यंत अकरा निवडणुका झाल्या आणि अकराही वेळा नाशिकने वेगळा माणूस दिल्लीला पाठवला. सलग दुसऱ्यांदा एकालाही नाही. १९८०ला डॉ. प्रताप वाघ आणि १९८४ला मुरलीधर माने, दोघेही काँग्रेसचे. १९८९ला भाजपचे डॉ. दौलतराव आहेर. १९९१ला पुन्हा काँग्रेस, डॉ. वसंत पवार. आडगावच्या मेडिकल कॉलेजला त्यांचंच नाव आहे. १९९६ला शिवसेनेचे राजाराम गोडसे, १९९८ला काँग्रेसचे माधवराव पाटील, १९९९ला शिवसेनेचे उत्तमराव ढिकले. साडेतीन वर्षांत तीन खासदार! २००४ला राष्ट्रवादीचे देवीदास पिंगळे, २००९ला त्याच पक्षाचे समीर भुजबळ, २०१४ला शिवसेनेचे हेमंत गोडसे. आता यात बालेकिल्ला कोणाचा?

ए-१०३ : काकू, पण गोडसे २०१९ला परत आले ना?

बी-४०१ : आले, आणि २ लाख ९२ हजारांच्या फरकाने आले. म्हणून तर ती निवडणूक वेगळी. त्याआधी सलग दोनदा जिंकले ते काँग्रेसचे भानुदास कवडे, १९६७ आणि १९७१. त्यानंतर थेट २०१९. आणि तिसऱ्या वेळी, २०२४ला, गोडसेही पडले.

डी-६०२ : आम्ही इथे नवीन आहोत, म्हणून विचारते. यशवंतराव चव्हाण नाशिकचे खासदार होते असं ऐकलंय. ते तर कराडचे ना?

सी-२०४ : बरोबर ऐकलंय ताई. १९६२ला चीनने हल्ला केला, कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावून घेतलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणतात ते तेव्हाचं. संरक्षणमंत्री झाले, पण संसदेचे सभासद नव्हते. नाशिकची जागा रिकामी झाली होती, तिथून १९६३च्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून गेले. १९६७ला साताऱ्याला गेले. माझे वडील हे फार अभिमानाने सांगायचे.

बी-४०१ : अभिमान मलाही आहे. पण १९६३ला नाशिककरांना मत द्यावंच लागलं नाही. नाशिकच्या मतदाराने स्वतः केलेलं मोठं काम शोधायचं तर मी १९५७ सांगेन. त्या वर्षी नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले.

ए-१०३ : भाभानगरच्या सभागृहाला नाव आहे ते दादासाहेब?

बी-४०१ : तेच. भाऊराव कृष्णराव गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या वतीने इथली सगळी जबाबदारी दादासाहेबांच्या खांद्यावर होती. माणसं गोळा करायची, मार खाल्लेल्यांना सांभाळायचं, बाबासाहेबांना पत्रं लिहून खबर द्यायची. अनेक वर्षं झगडूनही दार उघडलं नाही. १९३५ला बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा केली. आणि ज्या गावाने दार बंद ठेवलं, त्याच गावाच्या मतदारसंघाने सत्तावीस वर्षांनी दादासाहेबांना लोकसभेत बसवलं. तेही काँग्रेसच्या ऐन भराच्या काळात, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, समितीची ताकद मागे होती, हे खरंच. पण मत शेवटी माणसाने पेटीत टाकायचं असतं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना काळारामचा सत्याग्रह पुस्तकातून शिकवायचे आणि १९५७ माझ्या पदरचं सांगायचे. ते पुस्तकात नव्हतं.

डी-६०२ : हे खरंच माहीत नव्हतं काकू. आम्ही गेल्या महिन्यातच काळारामाला जाऊन आलो.

बी-४०१ : आणि खासदार झाल्यावर ते गप्प बसले नाहीत. १९५९ला भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनीच उभा केला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. जमीन नसलेली हजारो माणसं तुरुंगात गेली.

सी-२०४ : काकू, तुमचं १९५७ मान्य. पण आज नाक्यावर दुसरंच गणित चालतं. उमेदवार ठरायच्या आधी मराठा किती, ओबीसी किती, वंजारी किती, दलित-मुस्लिम किती, हेच मांडतात. भुजबळांच्या प्रत्येक निवडणुकीला हेच झालं.

बी-४०१ : गणित मांडतात, नाही कुठे म्हणते. पण त्याच गणिताने समीर भुजबळ २००९ला निवडून आले आणि २०१४ला छगन भुजबळ १ लाख ८७ हजारांनी पडले. पाच वर्षांत जाती बदलल्या नाहीत, मतदार बदलला.

सी-२०४ : २००९चं कारण वेगळं होतं. तिरंगी झाली ती. गोडसे तेव्हा मनसेचे उमेदवार होते. समीर भुजबळ जिंकले ते २२ हजारांनी, आणि शिवसेनेच्या उमेदवाराने दीड लाखावर मतं घेतली होती. सेना आणि मनसेची बेरीज करून बघा म्हणजे कळेल. मी तेव्हा सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होतो, नाशिकरोडला कँटीनमध्ये महिनाभर हाच विषय. मनसेचं वारं काय होतं ते नव्या लोकांना सांगून पटणार नाही. त्याच वर्षी विधानसभेला शहरातल्या तिन्ही जागा मनसेने घेतल्या. २०१२ला महापालिकेत ४० नगरसेवक आणि महापौर. २०१४ला तिन्ही आमदार भाजपचे. २०१७ला महापालिकेत भाजपचे १२२ पैकी ६६. मनसेला डोक्यावर घेणारे आणि खाली उतरवणारे मतदार तेच.

ए-१०३ : शहराचं झालं, आता आमच्या सिन्नरचं सांगतो. लोकसभेला सहा विधानसभा येतात. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम या शहरातल्या. देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी, आणि सिन्नर. २०२४ला महायुतीचा उमेदवार ठरायला मे उजाडला. भुजबळ साहेबांचं नाव आलं, त्यांनी माघार घेतली, मग गोडसे. तोवर महाविकास आघाडीचे राजाभाऊ वाजे गावोगावी फिरून आले होते. सिन्नरचा माणूस कधी खासदार होणार, एवढी एकच गोष्ट आमच्याकडे घराघरात होती. सिन्नरने एकट्याने लाखाच्या वर आघाडी दिली. एकूण फरक १ लाख ६२ हजार. आता बघा, त्यात सिन्नरचा वाटा किती.

सी-२०४ : म्हणजे शहरात तीन आमदारांचे मतदारसंघ असून खासदार सिन्नरने ठरवला.

ए-१०३ : दादा, सिन्नर मतदानाला बाहेर पडतं म्हणून. गावात मतदानाच्या दिवशी मुंबई-पुण्याहून पोरं येतात. आणि आपल्या सोसायटीत २० मेला किती गाड्या बाहेरगावी गेल्या होत्या? सोमवार होता, शनिवार-रविवार जोडून आला होता.

सेक्रेटरी : हे वैयक्तिक होतंय.

ए-१०३ : कोणाचं नाव घेतलं नाही, सर. पण मनाला लागतं म्हणून बोललो. २००९ला तर या मतदारसंघात निम्म्याहून कमी मतदान झालं होतं. २०२४ला साठ टक्क्यांवर गेलं, तरी उरलेले चाळीस कुठे होते?

बी-४०१ : तो बरोबर बोलतोय. त्याच्या बोलण्यात राग आहे, तो राहू दे. मला आणखी एक नोंद करायची आहे. जून २०२४ला वाजे निवडून आले आणि नोव्हेंबरात विधानसभेला याच सहाच्या सहा जागा महायुतीकडे गेल्या. भाजपच्या तीन, अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या तीन. सिन्नरसुद्धा. साडेपाच महिन्यांत! ज्याला बालेकिल्ला म्हणायचंय त्याने आधी हे दोन निकाल शेजारी ठेवावेत. मला यात मतदाराचा चंचलपणा दिसत नाही. लोकसभेला एक विचार, विधानसभेला दुसरा, एवढं आपल्या लोकांना कळतं. आणि त्यामुळे इथे कोणालाही आपली जागा पक्की समजून बसता आलेलं नाही.

सी-२०४ : यावर माझं मत वेगळं आहे काकू. सारखा माणूस बदलला की दिल्लीत वजन तयार होत नाही. पाच वर्षांत तो संसद समजून घेतो, तोवर आपण नवा पाठवतो. नाशिक-पुणे रेल्वेचं काय झालं बघा. सिन्नर, संगमनेर, चाकण असा मार्ग ठरला, मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची अडचण निघाली, आता शिर्डीवरून न्यायचं म्हणतात. तीस वर्षं मुरलेला खासदार असता तर मार्ग असा हलला असता का?

बी-४०१ : असेल तसंही. पण सलग दहा वर्षं एकच खासदार होते, तेव्हाही रेल्वे आली नाही.

ए-१०३ : रेल्वेबद्दल आपल्या सोसायटीने पत्र द्यायला हवं. मूळ मार्ग सिन्नरवरूनच हवा. आमच्या एमआयडीसीचे कामगार रोज त्या रस्त्याने जीव मुठीत धरून जातात.

डी-६०२ : त्यात ओझर विमानतळावरच्या विमानांचंही लिहा ना. कामासाठी दर वेळी मुंबई गाठावी लागते.

सी-२०४ : ओझर आपल्या खासदारांकडे येत नाही ताई. २००८च्या पुनर्रचनेनंतर निफाड, येवला, नांदगाव, चांदवड, कळवण हे सगळं दिंडोरी लोकसभेत. तिथे भास्कर भगरे सर. त्र्यंबकेश्वर मात्र इगतपुरीत, म्हणजे आपल्याकडे. कुंभमेळ्याची दोन्ही गावं वाजेंच्या मतदारसंघात आहेत. मालेगाव आणि बागलाण धुळ्यात, तिथे शोभा बच्छाव. त्या नाशिकच्याच माजी महापौर.

सेक्रेटरी : मग रेल्वेचं पत्र वाजेंना आणि विमानाचं भगरे सरांना, दोन वेगळी करू. मजकूर काकूंनी लिहावा. सह्या तळमजल्यावर ऑफिसात, बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ.

बी-४०१ : लिहिते. रेल्वेची एक प्रत सहाही आमदारांना द्या, आणि बच्छावताईंनाही. महापौर होत्या, त्यांना इथली नड सांगावी लागणार नाही.

ए-१०३ : सिन्नरला वाजेंच्या ऑफिसात मी स्वतः नेऊन देतो. शनिवारी गावी चाललोच आहे.