लिटेक्स लोवेच: क्लब होता की एका धनिकाची हौस?

ओसमकाठ: काल एका सदस्याने 'लिटेक्स हा क्लब नव्हताच, ग्रिशा गांचेव्ह यांची हौस होती' असे ठोकून दिले, म्हणून हे सविस्तर उत्तर. बल्गेरियातल्या लोवेच शहरात हा फुटबॉल क्लब 1921 मध्ये सुरू झाला. धनिक गांचेव्ह 1996 मध्ये मालक म्हणून आले, 1997 मध्ये संघ वरच्या श्रेणीत चढला आणि 1998 मध्ये थेट विजेता झाला. पुढे 1999, 2010 आणि 2011 ची विजेतेपदेही या लहानशा शहराने राजधानी सोफियातल्या क्लबांच्या नाकावर टिच्चून मिळवली.

हिशेबनीस: आपल्याच सनावळीने माझे म्हणणे सिद्ध होते. पंचाहत्तर वर्षांत जे जमले नाही, ते पैसा येताच दोन वर्षांत जमले. डिसेंबर 2015 मध्ये लेव्स्की क्लबविरुद्धच्या सामन्यात पंचांवर चिडून संघ मैदान सोडून गेला, लीगमधून बाहेर काढला गेला आणि 2016 मध्ये त्याच लिटेक्सच्या परवान्यावर सीएसकेए सोफिया हा दुसराच क्लब वरच्या श्रेणीत अवतरला.

लालबावटा: यात सीएसकेएला ओढण्याचे कारण नव्हते. कर्जापायी 2015 मध्ये तिसऱ्या श्रेणीत ढकलले गेल्यावर तिथूनच आम्ही 2016 चा बल्गेरियन करंडक जिंकला. हे मैदानावर कमावलेले यश आहे.

हिशेबनीस: करंडक कमावलात, वरच्या श्रेणीतली जागा मात्र लोवेचची घेतलीत. तिसऱ्या श्रेणीतून एका उडीत पहिलीत जाणारा नियम दाखवा, मी टोपी काढतो.

लालबावटा: ज्यांनी भर सामन्यात मैदान सोडले, त्यांच्या वकिलांनी आम्हाला नियम शिकवू नयेत!

ओसमकाठ: मी कुणाचा वकील नाही, आणि परवान्याच्या भांडणात मूळ प्रश्न बुडवू नका. आमच्या पेठेतल्या संघाला एका कंत्राटदाराने जर्सी आणि बूट दिले, तेव्हा आम्ही सलग दोन वर्षे जिंकलो. निवडणूक हरल्यावर त्याने न धुतलेल्या जर्सीसुद्धा मोजून परत नेल्या. पण ते दोन करंडक आजही तालमीच्या काचेच्या कपाटात आहेत, त्याच्या दिवाणखान्यात नाहीत. राझग्रादच्या लुडोगोरेत्सनेही धनिक मालकाच्याच बळावर 2012 मध्ये वरच्या श्रेणीत येताच विजेतेपद मिळवले, आणि त्यांचे आपण तोंडभरून कौतुक करता.

हिशेबनीस: करतो, कारण तिथला मालक गांचेव्हसारखा दुसऱ्या क्लबकडे, म्हणजे सीएसकेएकडे, निघून गेला नाही. असो, चारही विजेतेपदे लोवेचची, हे मान्य. निघताना त्यांनी तेवढी तरी ठेवली, याबद्दल गांचेव्ह यांचे आभार मानायचे असतील, तर आपण खुशाल माना.